घोडा कुणाचा, खोळंबा कुणाचा: मामाच्या अटॅच गाडीच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मामाला स्वतःची गाडी घ्यायची आहे. घोडा (ट्रेलर ओढणारा इंजिन-केबिनचा पुढचा भाग) आणि ४० फुटी ट्रेलर, दोन्ही जुने. गाडी कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टरकडे अटॅच करायची. काम न्हावा शेवा ते लोटे: उरण बाजूच्या यार्डातून रिकामा कंटेनर उचलायचा, लोटे परशुराम एमआयडीसीत नेऊन भरायचा आणि बंदराच्या गेटातून आत पोचवायचा (गेट-इन). वीसेक वर्षं दुसऱ्याची गाडी चालवल्यावर त्याला वाटतंय की आता स्टेअरिंगही आपलं असावं आणि आरसी बुकही. मामी म्हणाली, "आधी भाचीकडून हिशेब करून आण, मग माझ्या बांगड्यांकडे बघ." म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मी बिरवाडीला, महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात डिस्पॅच बघते. गाडी मागवणं, माल भरून घेणं, सील, कागद. हा धंदा मी रोज बघते, पण गेटच्या आतून. गाडी बाहेर उभी असताना तिचा खर्च कुणाच्या खिशातून जातो हा प्रश्न आमच्या ऑफिसात निघतच नाही, कारण तो आमच्या खिशातून जात नाही.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवल्या. आमच्या कारखान्याचं काम मामाने घ्यायचं नाही, आणि आमचे दर या वहीत येणार नाहीत.

ज्यांना या लाइनची माहिती नाही त्यांच्यासाठी: ट्रान्सपोर्टरकडे स्वतःच्या गाड्या थोड्या असतात. बाकीचं काम तो अटॅच गाड्यांवर काढतो. म्हणजे गाडी दुसऱ्याची, पण कायम त्याच्याच कामावर. त्याउपर लागेल तशी मार्केट गाडी उचलतो. मंदी आली की आधी मार्केट गाडी बसते, मग अटॅच, आणि सगळ्यात शेवटी त्याची स्वतःची. या क्रमात मामा मधे बसणार.

९ फेब्रुवारी, रविवार

गाडी पाहून आलो. पनवेल पासिंगचा घोडा, बीएस-४ (धुराच्या जुन्या नियमांतला), तीन एक्सलचा स्केलेटल (नुसत्या सांगाड्याचा) ट्रेलर. दोन्ही मिळून २२ लाख मागतायत. मामाकडे पाच आहेत. उरलेल्या १७ लाखांना फायनान्सवाल्याने १३ टक्के सांगितले, ४८ महिने. हप्ता येतो ४५,६०० रुपये.

बीएस-६ गाडी एप्रिल २०२० नंतरची. तिला डिझेलबरोबर यूरियाही (धूर साफ करणारं द्रावण) लागतो आणि सेन्सर रुसला तर घाटात पॉवर कापते, म्हणून मामाला जुनीच हवी. हे त्याचं मत. माझं मत असं की बीएस-४ आता निदान पाच वर्षांच्या घरात आली. आठ वर्षांपर्यंत पासिंग (फिटनेस तपासणी) दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी. हप्ता फिटेपर्यंत ही गाडी दरवर्षीच्या रांगेत आलेली असेल.

वजनाचं गणितही तिथेच करून घेतलं. जुलै २०१८ ला केंद्राने एक्सल लोड वाढवले तेव्हापासून दोन एक्सलचा घोडा आणि तीन एक्सलचा ट्रेलर मिळून ४५.५ टन पास आहे, आधी ४०.२ होतं. घोडा-ट्रेलरचं स्वतःचं वजन साधारण १४ टन धरलं तर कंटेनर मालासकट साडेएकतीस टनांपर्यंत चालतो. ४० फुटी डबा रिकामाच पावणेचार टनांच्या आसपास. उरले सत्तावीस-अठ्ठावीस टन. एक ४० फुटी आरामात बसतो. पण ड्रमांनी भरलेले दोन २० फुटी एकत्र टाकायचा मोह झाला तर वजनकाटा बोलतो, आणि ओव्हरलोडचा दंड २०,००० अधिक जास्तीच्या दर टनाला २,००० आहे. चलान येतं ते गाडीच्या नंबरवर. पगारी ड्रायव्हर असताना ते शेठच्या फोनवर वाजायचं, आता मामाच्या फोनवर वाजेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

एका खेपेचा हिशेब. ट्रान्सपोर्टर रिकामा वर, भरलेला खाली असे दोन्ही मिळून २७,५०० देतो म्हणतोय.

बंदर ते लोटे साधारण २१० किलोमीटर. जाताना रिकामा डबा, सव्वाचारचा अॅव्हरेज: ५० लिटर. येताना भरलेला, तीनचा: ७० लिटर. डिझेल ९० च्या आसपास, म्हणजे १०,८००. फास्टॅग, काटा, पार्किंग, जेवण आणि जिथे पावती मिळत नाही तिथला चहापाणी मिळून ३,०००. यूरियाचे ३५० धरलेत. मामाची बीएस-४ बिनयूरियाची निघाली तर ते वाचतील, पण हिशेब कडक असलेला बरा. टायर, ग्रीसिंग, लायनर, पाटे, क्लच यांना किलोमीटरमागे ६ रुपये, म्हणजे २,५२०.

हे सहा रुपये मामाला पटत नाहीत. "टायर काय रोज फुटतो काय?" रोज नाही फुटत, रोज झिजतो. घोड्याचे सहा आणि ट्रेलरचे बारा, अठरा टायर आहेत. रिमोल्ड करून चालवले तरी पूर्ण सेट बदलायची वेळ येते तेव्हा दोन-तीन लाख एकदम लागतात. या लाइनला गाड्या विकाव्या लागतात त्या बहुतेक याच महिन्यात. हप्ता भरत आलेले असतात, टायरसाठी मात्र बाजूला काही काढलेलं नसतं.

बेरीज १६,६७०. एका खेपेमागे हातात १०,८३०.

आता महिन्याचा बसून खर्च, म्हणजे गाडी चालो न चालो लागणारा. हप्ता ४५,६००. विमा महिन्याला ६,९००. यातला थर्ड पार्टीचा भाग ४० टनांवरच्या मालवाहू गाडीला सरकारनेच ४४,२४२ ठरवलेला आहे, त्यावर जीएसटी, त्यात घासाघीस नाही. नॅशनल परमिटचे वर्षाचे १६,५००, रोड टॅक्स, पासिंग मिळून महिन्याला ४,५००. पार्किंग, फोन, सीए यांचे ३,०००. एकूण साठ हजार.

आणि मामाचा पगार. "माझा पगार कशाला धरतेस? गाडी माझीच ना?" हा वाद तासभर चालला. आज त्याला पगार-भत्ता मिळून २८,००० पडतात. स्वतःच्या गाडीवर तेवढंच काम करून तेवढे पैसे मिळाले तर त्याला गाडीचा नफा म्हणता येणार नाही. ती त्याचीच मजुरी, फक्त आता कर्जासकट. मामीने "धर ग" म्हटल्यावर धरला. झाले ८८,०००.

भागाकार केला: सव्वाआठ खेपांच्या आत-बाहेर. पहिल्या साडेपाच खेपा फायनान्स आणि सरकारच्या, आठवीपर्यंतच्या मामाच्या मजुरीच्या. मालकाची कमाई नवव्या खेपेला सुरू होते.

१७ फेब्रुवारी

ट्रान्सपोर्टर फोनवर म्हणाला महिन्याला बारा खेपा "आरामात". बारा झाल्या तर पगार सुटून वर ४२,००० राहतात. मग मी स्वतः मामीच्या बांगड्या घेऊन सोनाराकडे जाते. सात झाल्या तर पगाराचे २८,००० सोडा, हातात पंधरा-सोळा हजारच. दर तोच, गाडी तीच, रस्ता तोच. म्हणजे भाडं किती याच्यापेक्षा खेपा किती हे शोधायला हवं.

२ मार्च, रविवार

मामाच्या डायऱ्या आणल्या. एलआयसीच्या, बँकेच्या, एक तर दुधाच्या डेअरीची. त्याला लिहायची सवय आहे: कुठे पोचलो, कधी भरलं, कधी सुटलो. त्याच्या शेठने कधी मागितल्या नाहीत. माझ्यासाठी सोनं.

दिवसभर वेळा मांडत बसले. चाकं फिरतात तो वेळ जवळजवळ ठरलेला आहे: जाताना सहा-सात तास, येताना आठ-नऊ. कशेडीचा दोनेक किलोमीटरचा बोगदा वापरात आल्यापासून तर घाटातला पाऊण तास दहा मिनिटांवर आला. माणगाव-इंदापूरचे बायपास अजून व्हायचे आहेत, तिथे शनिवार-रविवारी अडकायला होतं, पण तेही हिशेबात बसतं. बाकी सगळा खेळ उभ्या गाडीचा.

पहिला खोळंबा रिकाम्या यार्डात. शिपिंग लाइनने डबा ज्या यार्डात दिला तिथे जायचं. कधी ४० फुटी आहे पण थराच्या तळाशी आहे. कधी काढून दिला तो कुजका निघतो.

दुसरा कारखान्यात, आणि हा माझ्या घरचा. सकाळी नऊची गाडी सांगितलेली असते आणि भरायला घेतात संध्याकाळी. कारण बॅच क्यूसीतून (गुणवत्ता तपासणीतून) पास व्हायची असते, लेबल यायची असतात, नाहीतर फोर्कलिफ्ट दुसऱ्या शेडला असतो. हे सगळं आदल्या दिवशीच माहीत असतं. तरी गाडी मागवून ठेवतात, कारण बोटीचा कट-ऑफ (माल पोचवायची शेवटची वेळ) चुकला तर एक्स्पोर्टवाले आमच्या डोक्यावर बसतात आणि गेटबाहेर उभ्या गाडीचं कुणीच आमच्या डोक्यावर बसत नाही. गाडी म्हणजे फुकटचं गोदाम. मामाच्या डायरीत लोट्याच्या एका कारखान्याच्या नावापुढे "जेवण केलं, झोपलो, उठलो, जेवण केलं" एवढंच लिहिलंय.

तिसरा बंदरात. न्हावा शेव्याला आज पाच टर्मिनलं: एनएसएफटी, एनएसआयसीटी, एनएसआयजीटी, जीटीआय आणि बीएमसीटी, ज्याला ड्रायव्हर अजून चौथं टर्मिनलच म्हणतात. बंदर १९८९ चं. तेव्हा एकच होतं. प्रत्येकाचं गेट वेगळं, फॉर्म १३ (डबा आत न्यायचा परवाना) वेगळा. बोटीसाठी गेट उघडायच्या आधी पोचलात तर पार्किंग प्लाझात थांबा. बोट लांबली की गेट लांबलं. लागोपाठ सुट्ट्या आल्या की करळ फाट्यापासून रांग. आणि आपल्या डब्याचं वजनपत्र, सील नंबर किंवा फॉर्म यांत एका आकड्याचा फरक निघाला की कळंबोलीच्या ऑफिसात कुणीतरी फोन उचलेपर्यंत गाडी बाजूला.

तिन्ही मिळून डायरीतली सरळ गेलेली खेप दोन दिवसांत होते. तशा थोड्या. साडेतीन दिवसांच्या पुष्कळ. सणासुदीला आणि मार्चअखेरीला त्याहून लांब. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरले तर सरासरी सात ते आठ खेपांवर येऊन बसते. बारा खेपांचा महिना मला डायऱ्यांत सापडला नाही.

८८,००० भागिले २६. गाडी उभी राहिली की दिवसाला ३,३८५ रुपये जातात. हा आकडा मी मामाच्या फोनच्या कव्हरमागे चिकटवलाय.

१४ मार्च

शिमगा. गावात पालखी, ऑफिस बंद, हिशेब बंद. पण मांडवात चार ड्रायव्हर भेटले आणि चौघांचं म्हणणं चार दिशांना. एकाने अटॅच गाडीवर घर बांधलंय. त्याचं काम मात्र बंदर ते सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनर गोदाम), पंधरा-वीस किलोमीटरच्या फेऱ्या. एकाची गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. दोघं म्हणाले पगार बरा.

घरवाल्याला बाजूला घेऊन विचारलं. त्याने गाडी रोख घेतली होती, जमिनीचे पैसे आले तेव्हा. हप्ता नाही. मग उभा राहिला तरी त्याचं तेवढं बिघडत नाही. उरण-पनवेलच्या बऱ्याच ट्रेलरमालकांची हीच गोष्ट आहे, आणि दराची पट्टी तेच लावतात. हप्ता नसलेला माणूस ज्या दराला खूश, त्या दराला हप्तावाला बुडतो. आमच्या महाडकडे जमिनीचा तसला पैसा नाही.

२३ मार्च, रविवार

करारनाम्याचा मसुदा आला. दोन पानं, ट्रान्सपोर्टरच्या लेटरहेडवर.

हॉल्टिंग (खोळंब्याची भरपाई): "पहिले २४ तास मोफत, नंतर दिवसाला १,५००." म्हणजे पहिल्या दिवसाचे ३,३८५ पूर्ण मामाचे, दुसऱ्यापासून रोजचे १,८८५. आणि चोवीस तास कधीपासून मोजायचे, तर "माल भरण्याची सूचना मिळाल्यापासून". सूचना देणार कारखाना. यार्ड आणि बंदरातल्या खोळंब्याचा उल्लेखच नाही. हॉल्टिंगचं बिल मूळ मालधन्याकडे लागतं हे मला माहीत आहे, कारण अशी बिलं मी पास करते. ते खाली येताना मधे कुणाकुणाकडे थांबतं ते या मसुद्यात दिसलं.

डॅमेज: कंटेनरला काहीही झालं तर रक्कम भाड्यातून वळती. "काहीही" हाच शब्द आहे.

डिझेल: ट्रान्सपोर्टरच्या पंपावर स्लिपने, भाड्यातून कापून. डिझेल वाढलं तर भाडं वाढणार का, याबद्दल काही नाही. बरेच दिवस भाव हललेला नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लिटरला पाच रुपये वाढले तर एका खेपेला ६०० जातात.

पेमेंट: पीओडी (माल पोचल्याची पावती) जमा झाल्यापासून "साधारण" ६० दिवस.

३० मार्च, पाडवा

मामाला आजच्या मुहूर्तावर टोकन द्यायचं होतं. दिलं नाही. मामीने श्रीखंड केलं होतं, मामाने दोनदाच घेतलं.

६ एप्रिल, रविवार

काल-परवा मामाबरोबर त्याच्या सध्याच्या गाडीवर गेले, डोळ्यांनी बघायला.

खोपट्याकडच्या एका यार्डात रिकामा डबा घेतला. मामा डबा जखडणारे ट्विस्ट लॉक लावायच्या आधी डब्याभोवती फिरला. कोपऱ्याच्या कास्टिंगवर हात फिरवला, डावीकडच्या पन्हळीत एक खोक होती तिचा फोटो काढला, दाराच्या पट्टीचं रबर ओढून पाहिलं. मग मला म्हणाला, "बाय, आत ये." आत गेलो. त्याने दोन्ही दारं ओढून घेतली. मिट्ट काळोख, गंजाचा आणि कसल्यातरी जुन्या मसाल्याचा वास. "वर बघ." छताच्या मागच्या कोपऱ्यात टाचणीएवढा उजेड. तेवढ्या भोकातून पावसात पाणी गेलं की माल ओला, आणि माल ओला की डबा आणणाऱ्याचं नाव पहिलं. बाहेर येऊन त्याने डबा परत केला. दुसरा मिळायला दुपार झाली. यार्डातल्या पोराने पावतीवर परत केल्याचं कारण लिहायला कुरकुर केली, मामाने लिहूनच घेतलं.

ही दुपार कोणत्याही करारात नाही. डबा तपासला नसता तर वेळ वाचला असता आणि "काहीही"च्या कलमात मामा अडकला असता. पगारी असताना मामा हे करतो कारण त्याला सवय आहे. मालक झाल्यावर ही सवय रोज हजार-दोन हजारांना पडेल.

लोट्याला पोचलो तर गेटवरच्या सिक्युरिटीने टीआरईएम कार्ड (रसायन सांडलं तर काय करायचं ते पत्रक), स्पार्क अरेस्टर (धुराड्यातली ठिणगी अडवणारी जाळी), मामाच्या लायसन्सवरचा धोकादायक मालाचा शेरा बघितला. तीन दिवसांचं ते ट्रेनिंग मामाने केलेलं आहे आणि शेरा चालू आहे. लाइनवर असे ड्रायव्हर कमी. ट्रान्सपोर्टरला गाडीपेक्षा मामा हवाय, हे मला तिथे कळलं. बोलणी करताना उपयोगी पडेल.

आणखी एक पाहिलं. त्याच आवारात शेडच्या मागे एक ट्रेलर पाय टेकून उभा होता, घोड्याशिवाय. विचारलं तर म्हणाले, दुसऱ्या पार्टीचा आहे. ते ट्रेलर सोडून जातात, भरून झाला की घोडा येऊन नेतो.

१२ एप्रिल

मधेच रत्नागिरीच्या रीफरची (थंड डब्याची) टूम निघाली. फिश कंपनीचा डबा, भाडं चांगलं. नको. उणे १८ डिग्री राखायचं, जेनसेटचं डिझेल वेगळं, वाटेत बंद पडला तर मालाची किंमत गाडीच्या किमतीहून जास्त. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत हप्ता बंद नसतो. विषय संपवला.

२० एप्रिल, रविवार

कागदांची बाजू. आमच्या सीएंकडे बसून नीट समजून घेतली. ही बाजू लोक समजतात त्यापेक्षा सोपी निघाली.

जीएसटी: मामा स्वतःची बिल्टी (मालवाहतुकीची पावती) फाडणार नाही, बिल्टी ट्रान्सपोर्टरची. बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्ट एजन्सीला गाडी भाड्याने देणं जीएसटीतून माफ आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली तरी सगळी माफ सेवेची असल्याने नोंदणी लागत नाही.

टीडीएस: दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्याने पॅनसकट डिक्लरेशन दिलं की १९४सी खाली कपात नाही. ट्रान्सपोर्टर "एक टक्का कापतो, सगळ्यांचाच कापतो" म्हणत होता.

इन्कम टॅक्स: कलम ४४एई खाली १२ टनांवरच्या गाडीला वजनाच्या दर टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात. ४५.५ टन धरले तर वर्षाला ५,४६,०००. यंदाच्या बजेटनंतर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. म्हणजे कराची भीती नाही. गंमत अशी की सरकार दरमहा ४५,५०० नफा गृहीत धरतं आणि मामाला तो मिळायला चार-साडेचार खेपा जास्तीच्या लागतात.

पेमेंट: हे महत्त्वाचं. मामाने सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी केली की तो सूक्ष्म उद्योग. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. आणि एप्रिल २०२४ पासून ४३बी(एच) मुळे मुदत उलटून मार्चअखेरही थकलेला खर्च देणाऱ्याला त्या वर्षी वजा करता येत नाही. ट्रान्सपोर्टरचा सीए हे कलम ओळखतो. मामाला भांडायची गरज नाही, उद्यमचा नंबर बिलावर छापायचा. तक्रार करून काम घालवायला कुणी तयार नसतं, पण मार्चअखेरीला नंबर छापलेली बिलं आधी सुटतात हे मी आमच्याच अकाउंट्समध्ये बघितलंय.

६० दिवसांच्या उधारीचा अर्थ रुपयांत: महिन्याला आठ खेपा म्हटल्या तर डिझेल आणि वाटखर्चाचेच एक लाख तेरा हजारांच्या आसपास. दोन महिने आणि दोन हप्ते. अॅडव्हान्स किंवा डिझेलची स्लिप न मिळाल्यास पहिलं भाडं येईपर्यंत मामाला सव्वातीन लाखांच्या आसपास फिरवायला लागतील. पाच लाख तर गाडीच्या सुरुवातीच्या भरण्यातच जाणार.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

कळंबोलीला ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात. मामा, मी, तो, त्याचा मुन्शी. सरबत मागवलं.

मी नवा प्रस्ताव मांडला. घोडा मामाचा, ट्रेलर तुमचा. तुमचे ट्रेलर कळंबोलीत रिकामे उभे असतात, येताना पाहिले. लोट्याच्या ज्या दोन कारखान्यांत जागा आहे तिथे एक ट्रेलर सोडून दुसरा भरलेला उचलायचा. उभा राहायचं ते ट्रेलरने राहावं, घोड्याने नाही.

तो म्हणाला, मग भाडं २४,०००. त्याचंही बरोबर आहे, ट्रेलरचे टायर त्याचे.

तिथेच आकडे मांडले. नुसत्या घोड्याचे १६ लाख, पाच भरून ११ चं कर्ज, हप्ता २९,५००. विमा, परमिट, बाकी धरून बसून खर्च ४२,५००. मामाच्या पगारासकट ७०,५००. खेपेला खर्च १५,८३०, उरतात ८,१७०. पगार सुटायला साडेआठ-पावणेनऊ खेपा लागतातच. म्हणजे कागदावर हा सौदा आधीच्यापेक्षा किंचित वाईटच. पण गाडी उभी राहिली तर दिवसाला ३,३८५ ऐवजी २,७१२ जातात, आणि कारखान्यातला खोळंबा निघाला तर नऊ-दहा खेपा आवाक्यात येतात. सगळं फिस्कटलं तर सहा लाखांचं कर्ज कमी असतं, आणि अठराऐवजी सहाच टायर आपले.

मुन्शीने डोकं हलवलं. ट्रान्सपोर्टर हॉल्टिंगवर अडला. मी म्हटलं, दिवसाला २,५००, बारा तासांनंतर. तो २,०००, चोवीस तासांनंतर, फक्त कारखान्यात. "पोर्टचं मी कुठून आणू? मलाच कोण देत नाय." खरं आहे ते. बंदराचा खोळंबा साखळीत कुणीच मानत नाही, म्हणून तो शेवटच्या कडीवर पडतो आणि शेवटची कडी म्हणजे चालवणारा. मामा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "शेठ, केमिकलचा शेरा असलेला दुसरा ड्रायव्हर लोट्याच्या लाइनला बघा. मिळाला तर मला सांगा, मी त्याला सरबत पाजतो." २,००० वर आणि अठरा तासांवर ठरलं. कारखान्याच्या गेटवर पोचल्यापासून मोजायचं, सूचनेपासून नाही. डिझेल दोन रुपयांनी हललं की भाडं खेपेला २४० ने हलेल, वर आणि खाली दोन्हीकडे. पेमेंट ४५ दिवस, ७० टक्के अॅडव्हान्स.

डॅमेजचं कलम त्याने सोडलं नाही. "वकिलाला विचारतो" म्हणाला.

२७ मे

काल मुंबईत पाऊस लागला, मे महिन्यातच. परशुराम घाटात माती येईल म्हणून सगळ्यांचे कान टवकारलेले. २०२२ मध्ये तो घाट रोज ठराविक तास बंद ठेवत होते, तेव्हाच्या डायरीची पानं मी पुन्हा काढली. लोटे घाटाच्या मुंबईकडच्या बाजूला आहे, घाट पलीकडे, हे या लाइनचं नशीब. चिपळूण-रत्नागिरीच्या गाड्यांना ते नाही.

गणपतीचा मुद्दा आहेच. दरवर्षी त्या दिवसांत १६ टनांवरच्या गाड्यांना मुंबई-गोवा महामार्गावर बंदीची अधिसूचना निघते. त्या महिन्याला नऊ खेपा धरायच्या नाहीत, सहा धरायच्या. मामाला तेव्हा तसंही घरीच यायचं असतं.

वाढवण बंदर झालं की कामच काम, असं जो तो सांगतो. भूमिपूजन ऑगस्ट २०२४ ला झालं. मामाचं कर्ज त्या बंदराच्या आधी फिटायला हवं. हिशेबात धरलं नाही.

८ जून, रविवार

डॅमेजचं कलम आलं. "काहीही" गेलं. आता असं: रिकामा घेताना यार्डाच्या पावतीवर आणि फोटोत न दिसलेलं, आणि परत देताना आढळलेलं नुकसान मामाचं, कमाल १५,०००. कारखान्यात फोर्कलिफ्टने झालेलं कारखान्याचं. ट्रेलर सोडून गेल्यावरचं मामाचं नाही, हे वेगळं लिहून घेतलं, कारण घोडा नसताना काय झालं त्याचा साक्षीदार मामा असू शकत नाही.

माझं मत मी मामा-मामीला सांगितलं: आधीच्या सौद्यात नको म्हटलं असतं, यात हो म्हणते, पण गुढीएवढ्या उत्साहाने नाही. नऊ खेपा झाल्या तर पगारावर फक्त तीनेक हजार. दहा झाल्या तर अकरा हजार. चार वर्षांनी घोडा मोकळा होईल तेव्हा खरी कमाई, तोवर मामा पन्नाशी ओलांडलेला असेल. तो म्हणाला चालेल. मामीने बांगड्या दिल्या नाहीत. तिच्या बचत गटातून ऐंशी हजार काढले आणि सांगितलं की हे टायरचे आहेत, डिझेलला हात लावायचा नाही.

१९ जून

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या, फायनान्सचा बोजा चढवायचा ३४. उद्यमचा नंबर आला. बिलबुक छापायला टाकलं, नंबर मोठ्या अक्षरात.

पहिली खेप सोमवारी. मामाला एवढंच बजावलंय की कारखान्याच्या गेटवर पोचल्याची वेळ सिक्युरिटीच्या शिक्क्यासकट गेट-पासवर घ्यायची, तोंडी नको. अठरा तास तिथून मोजायचे आहेत. सिक्युरिटीवाले शिक्का द्यायला टाळतात, आमच्याकडचेही टाळतात. नाहीच दिला तर गेटच्या पाटीसकट गाडीचा फोटो काढून त्याच मिनिटाला मुन्शीला व्हॉट्सअॅप करायचा.